थंड कोपरा

दोरवाल्यांची गल्ली नकाशावर हिरवीगार आली, तेव्हा चिमीला आधी हसूच आलं. त्या गल्लीत हिरवं म्हणून काय आहे म्हणाल, तर घड्याळवाल्या आजोबांच्या दुकानाचं दार, आणि तेही रंग उडालेलं. बाकी सगळी पत्र्याची छपरं, एकाला एक खेटून. उन्हाळ्याच्या दुपारी त्या पत्र्यांखाली माणसं कशी दिवस काढतात, हे चिमीला कोणी शिकवायला नको होतं. आईबाप लवकर गेले आणि ती त्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, मावशीच्या एका खोलीत लहानाची मोठी झाली.

चिमी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. चाळिशी उलटलेली बाई, नवरा, दोन पोरं, डोळ्यांवर चष्मा. पण मावशीने एकदा चिमी म्हटलं, ते गल्लीने उचललं, आणि पुढे कार्यालयातल्या नकाशेवाल्याने कुठूनसं ऐकलं. झालं, तेव्हापासून ती तिथेही चिमीताई.

शहराच्या कार्यालयात एका टोकाला त्यांचा विभाग होता. लोक त्याला उन्हाचं खातं म्हणत. ऊन दर वर्षी वाढतंय हे सांगायला खातं कशाला हवं, ते रस्त्यावरचा कोणीही सांगेल. हे वाढतं ऊन कोणत्या वस्तीला किती भोवेल, ते काढायचं यांचं काम. पद्धत तशी सरळ होती. उकाडा किती सोसावा लागतो, सोसताना माणूस किती लवकर कोलमडतं, आणि कोलमडल्यावर सावरायला हाताशी काय आहे. नंतरच्या दोन्हींची उत्तरं घरोघर विचारून मिळत: म्हातारी माणसं किती, आजार कोणते, पाणी कधी येतं, हाकेला कोण धावतं. पहिल्याचं उत्तर यंत्र द्यायचं. काडेपेटीएवढं यंत्र. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस जिथे झोपतं तिथे भिंतीला टांगायचं, आणि त्याने रात्रंदिवस खोलीचा उकाडा नोंदवत बसायचं. मग सगळ्याची गोळाबेरीज करून नकाशात रंग भरायचे. लाल म्हणजे जिवावर बेतणारं, पिवळं म्हणजे सोसण्यासारखं, हिरवं म्हणजे मजेत.

आणि या रंगांवर बरंच काही ठरायचं होतं. कडक ऊन सुरू व्हायच्या आत सर्वांत लाल वस्त्यांच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा लेप मिळणार होता, शिवाय तळमजल्यावर एक थंड खोली, खाटा-पंख्यांसकट. यंदा दोनच वस्त्या. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघायची.

मावशीला पुढच्या वर्षाची वाट बघता येईल का, हाच तर घोर होता. गेल्या उन्हाळ्यात ती जिन्यात चक्कर येऊन पडली. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी चिमीला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एक उन्हाळा त्याच पत्र्याखाली काढला, तर मी शब्द देऊ शकत नाही." चिमीने हातापाया पडून सांगून पाहिलं, माझ्याकडे चल. मावशी म्हणाली, "तुझ्या त्या घरात मी भांडू कोणाशी?" विषय संपला. शिवणयंत्र, शर्टांच्या कॉलरींचे गठ्ठे आणि शेजारपाजार सोडून ती हलणारी बाई नव्हती. म्हणजे राहता राहिलं छप्पर. मावशी हलत नाही तर नाही, निदान तिच्या डोक्यावरचा पत्रा तरी थंड करू, अशी चिमीने मनाशी गाठ बांधली होती. आणि आता हा नकाशा म्हणतो, गल्ली मजेत आहे!

"काय रे, रंग उलटे तर नाही भरलेस?" तिने नकाशेवाल्याला विचारलं.

"रंग संगणक भरतो, मी फक्त त्याचा पगार खातो," नकाशेवाला म्हणाला. पण गडी कामाला चोख होता. त्याने सगळं पुन्हा चालवून पाहिलं. गल्ली पुन्हा हिरवीच. मग त्याने त्या घरांच्या नोंदींची रेघ पडद्यावर काढली. बाकी वस्त्यांच्या रेघा दुपारी चढत होत्या, पहाटे उतरत होत्या. ही आपली सपाट. "बघ, किती शहाण्यासारखी चालतेय. भिंती जाड असतील."

"कसल्या जाड? आपण खिळा ठोकला तर शेजारच्याच्या कॅलेंडरला भोक पडतं!"

ती तरातरा मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे खात्याच्या प्रमुख. बोलायला करवत, पण कोणाचं वाईट चिंतणाऱ्या नव्हेत. त्यांनी रेघ पाहिली, चष्मा काढला आणि विचारलं, "तुझी मावशी तिथेच राहते ना?"

"राहते. काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलंय मी तुम्हाला."

"म्हणूनच विचारते. उद्या कोणी म्हणालं, बाईने मावशीसाठी रंग फिरवला, तर बाकीच्या नकाशावर तरी कोण विश्वास ठेवील? आकडा चुकलाय असं वाटतंय ना? मग का चुकला ते घेऊन ये. नुसती कळकळ आणू नकोस. लेपाची समिती पुढच्या आठवड्याच्या अखेरीला बसतेय."

चिमीला राग आला. बाईंचं बरोबर होतं, याचा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती गल्लीत शिरली. घड्याळवाले आजोबा डोळ्याला भिंग लावून बसले होते. ते दुकानामागच्याच खोलीत झोपत, आणि तिथल्या भिंतीवर चिमीने स्वतःच्या हाताने टांगलेलं यंत्र दिसत नव्हतं.

"आजोबा, यंत्र कुठंय?"

"आहे की. सुखरूप आहे," असं म्हणून त्यांनी दुकानातला सर्वांत खालचा खण ओढला. आत मऊ फडक्यात, दोन जुन्या घड्याळांच्या मध्ये, यंत्र निवांत पहुडलं होतं.

"अहो, पण भिंतीवर होतं ना!"

"वेडी आहेस का? दुपारी त्या भिंतीला हात लावून बघ. तिथे एवढी नाजूक वस्तू टांगून ठेवू? आजवर माझ्या हातून कोणाची वस्तू बिघडली नाही, आणि तुझी बिघडवू होय?"

चिमी पुढे गेली. इस्त्रीवाल्या काकूंच्या खोलीत यंत्र माठाच्या मागे, ओल्या गोणपाटावर बसवलेलं. वर पिशवी बांधलेली, पाणी लागू नये म्हणून. "माझ्याकडे निखारे असतात ना बाई," काकू म्हणाल्या, "म्हणून त्याला सावलीत ठेवलंय. येता-जाता गोणपाट भिजवते." त्यांची स्वतःची चोळी घामाने चिंब झाली होती. पलीकडच्या घरात यंत्र पलंगाखाली, फरशीला चिकटून. त्याच्या पलीकडे तर फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी! त्या घराचे आकडे इतके खुळे आले होते की संगणकानेच ते बाजूला काढले होते. जिथे जावं तिथे लोक कौतुकाने यंत्र काढून दाखवत होते, पाहा, नखभर धक्का लागू दिला नाही म्हणून. एकाच्याही मनात लबाडी नव्हती. लबाडी असती तर चिमीला निदान भांडता तरी आलं असतं.

ती आजोबांच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. गल्लीच्या गल्ली येडी झाली की काय? दुसऱ्या वस्त्यांत असं का नाही झालं? तेव्हा तिला आठवलं. दुसरीकडे कार्यालयातल्या पोरांनी यंत्रं टांगली, 'हात लावू नका' असं दटावलं आणि चालते झाले. लोकांनी हात लावला नाही. या गल्लीत ती स्वतः आली होती. घरोघर पाणी प्यायली, पोराबाळांच्या चौकशा झाल्या, आणि निघताना उंबऱ्यावरून हसत म्हणाली, "फार महागाचं आहे हो, जपा. बिघडलं तर माझी नोकरी गेलीच समजा." गंमत केली होती तिने. पण चिमी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली, अख्ख्या गल्लीतून कार्यालयात लागलेली एकच मुलगी. तिची नोकरी जाईल म्हटल्यावर गल्लीने ती गंमत गमतीवारी नेलीच नाही. घरातली जी काही थंड जागा असेल, ती काढून यंत्राला दिली.

'घरातली थंड जागा' हे शब्द मनात आले आणि चिमी ताडकन उठली. मावशी! दर रविवारी ती येत होती, पण मावशीच तिला वर चढू देत नव्हती. 'जिना चढून दमशील, मीच येते खाली' म्हणायची, आणि दोघी काकूंच्या ओट्यावर बसून गप्पा मारायच्या. चिमीलाही ते बरं वाटे, म्हातारीचे पाय मोकळे होतात म्हणून. आता ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

मावशीच्या खोलीत एकच जागा बरी होती. जिन्याकडच्या भिंतीला एक लहानशी खिडकी, तिच्याखालचा कोपरा. तिथे ऊन कधी येत नसे आणि जिन्यातून वाऱ्याची झुळूक येई. मावशीची खाट त्या कोपऱ्यात असायची. आज तिथे स्टूल होतं. स्टुलावर यंत्र, त्यावर जाळीचं झाकण, आणि चिमीने मावशीसाठी आणलेला टेबलपंखा त्याच्याकडे तोंड करून गरगरत होता. खाट पलीकडे, पश्चिमेच्या भिंतीला, पत्रा जिथे सर्वांत खाली उतरतो तिथे ढकललेली. मावशी शिवणयंत्रावर वाकलेली. मानेवर घामोळं, चेहरा लालबुंद, पाय सुजलेले.

"तू गं कशी आज?" मावशी दचकून म्हणाली. "बस, पाणी देते."

"पाणी राहू दे. तू कुठे झोपतेस?"

"झोपते की. दिसत नाही का खाट?"

"त्या पत्र्याखाली? आणि पंखा त्या डबीला?" चिमीचा आवाज चढला. "मावशी, अगं ते लोखंड आहे! त्याला उकडत नाही!"

"ओरडू नकोस, भिंती पातळ आहेत. तूच म्हणालीस ना जपा म्हणून? मी म्हातारी, मला काय, सवय आहे. तुझं काही बिघडलं तर पोरं तोंडात काय घालतील?"

चिमीला रडू फुटलं. रागाने फुटलं, भीतीने फुटलं, आणि मावशीच्या या असल्या मायेने जास्त फुटलं. मावशी घाबरली. यंत्र बिघडलं असंच तिला वाटलं असावं. "मी हात पण लावला नाही गं त्याला," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तशीच डोळे पुसत चिमी कार्यालयात परतली आणि मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "आकडे का चुकले ते आणलंय," म्हणाली, आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या गमतीसकट. ऐकता ऐकता नकाशेवाला आधी हसला, मग टेबलाकडे बघत बसला.

"म्हणजे नोंदी बाद," मोठ्या बाई म्हणाल्या. "वाईट वाटतं, पण नोंद नाही ती वस्ती नकाशात राखाडी. राखाडीला लेप नाही. अंदाजाने लाल मी करणार नाही."

"बाई, एक बोलू?" नकाशेवाला म्हणाला. "बैठकीला आठवडा आहे. यंत्रं पुन्हा नीट टांगू. बाकी लाल वस्त्यांत ती चालूच आहेत. त्याच दिवसांचे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवू. थोड्या दिवसांचे असले तरी तुलना खरी होईल."

मोठ्या बाईंनी बराच वेळ पेनाचं टोपण घातलं-काढलं. "चालेल. पण टांगायचं तू. हिने यंत्राला बोटसुद्धा लावायचं नाही. मावशीची भाची म्हणून जायचं तर खुशाल जावं."

तेव्हा भाची म्हणून चिमी गेली. नकाशेवाला हातोडी-खिळे घेऊन दारोदार फिरला. "याला अजिबात जपू नका. उकडू दे त्याला. तुमच्याइतकंच उकडू दे," असं सांगत सुटला. लोकांना ते भलतंच विचित्र वाटलं. पण चिमी मागे उभी राहून मान डोलावत होती, म्हणून त्यांनी मानलं.

मावशीच्या खोलीत खाट अजून पत्र्याखालीच होती.

"आजी, तुम्ही झोपता तिथे टांगायचं आहे," नकाशेवाला म्हणाला.

"मग इथेच ठोक," मावशी खाटेवर बसत म्हणाली.

"मावशी, खाट आधी कोपऱ्यात घे," चिमी म्हणाली.

"का म्हणून? कोपऱ्यात गेले की हे डबडं उकाडा कमी दाखवणार. मग गल्लीचं कसं व्हायचं? मला काय एवढी भोळी समजलीस? इस्त्रीवालीने सगळं सांगितलंय मला. लाल आलं पाहिजे म्हणे. आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

नकाशेवाला उगाच छताकडे बघू लागला. खोटं कशाला बोला, क्षणभर चिमीलाही मोह झाला. दोन वस्त्यांत शिरायचं तर एकेका घराचा आकडा मोलाचा होता. मावशी म्हणते तेही खोटं नव्हतं. गेले कितीक दिवस ती तिथेच झोपत होती की. आठवडाभर आणखी, मग छप्पर थंड. आणि आठवडाभरात काही झालं तर?

विषय बदलावा म्हणून नकाशेवाल्याने सहज विचारलं, "तो कोपरा तर चांगला दिसतोय, आजी. कोणाचा असतो एरवी?"

"आधी हिचा होता," मावशी चिमीकडे हनुवटी करत म्हणाली. "हिला लहानपणी उकाडा मानवायचा नाही, रडून घर डोक्यावर घ्यायची. मग ही लग्न होऊन गेली, तेव्हा मी तिथे खाट घेतली. मग हिचं यंत्र आलं."

एवढं साधं बोलली ती, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

चिमीला आठवला तो कोपरा. भिंतीवर तिने खडूने काढलेली घरं, जिन्यातून येणारी झुळूक. आणि मावशी तेव्हा कुठे झोपायची? पत्र्याखाली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. बाई शहरभर विचारत फिरत होती, कोणाला किती उकडतं म्हणून!

तिने पदर खोचला, खाटेचा पाय धरला आणि ओढली. मावशी खाटेवरच होती. "अगं, अगं, पडेन ना! फरशीला ओरखडे पडले बघ!" ती आरडत राहिली. नकाशेवाल्याने हातोडी खाली ठेवली आणि दुसरा पाय धरला. मावशीला घेऊन खाट कोपऱ्यात पोचली. स्टूल बाहेर गेलं, पंख्याचं तोंड खाटेकडे झालं.

"आता इथे टांग," चिमी धापा टाकत म्हणाली. "हिच्या उशाशी. येईल तो आकडा येऊ दे. आणि मावशी, खाट हलवलीस तर मी इथे येऊन तुझ्या पायाशी झोपेन, सांगून ठेवते."

"नकाशा बिघडवशील," मावशी पुटपुटली.

"बिघडू दे."

तो आठवडा चिमीने कसा काढला, तिचं तिला माहीत. बैठकीच्या आदल्या दिवशी नकाशेवाल्याने तिला हाक मारली. मोठ्या बाई आधीच पडद्यासमोर उभ्या होत्या. दोरवाल्यांची गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल झाली होती. यंदाच्या दोन वस्त्यांत ती बसली, थोडक्यात बसली, पण बसली. फक्त मधोमध एक घर पिवळं होतं.

"हे एकच कसं वेगळं?" बाईंनी विचारलं. "पुन्हा कोणी माठामागे ठेवलं का?"

"नाही बाई," चिमी म्हणाली. "हे बरोबर आहे. हे माझ्या मावशीचं." तिने चष्मा काढून पुसला. मोठ्या बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नकाशावर सही केली. मग जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या खेपेपासून घरोघर एक प्रश्न वाढव. घरातली थंड जागा कोण वापरतं, असा."

कामगार छपरावर चढले त्या दिवशी चिमी रजा टाकून मावशीकडे गेली. डोक्यावर ब्रश खसाखसा फिरत होते, खिडकीबाहेर लेपाचे पांढरे ओघळ दिसत होते. तिने मावशीला नकाशाची हकिगत सांगितली.

"सगळी गल्ली लाल आणि मी एकटी पिवळी?" मावशी कोपऱ्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली. पायांची सूज उतरली होती. "म्हणजे मीच तेवढी कमी पडले! नाक कापलंस माझं गल्लीत."

चिमी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती खाटेच्या कडेला, मावशीच्या अंगाला अंग लावून बसली. जिन्यातून झुळूक आली.

"सरक तिकडे," मावशी तिला कोपराने ढोसत म्हणाली. "माझा वारा अडवतेस."